'मला नाही वाटत, साहेब': इंग्रजीत मत मांडताना आणि खोडताना मराठी माणूस कुठे अडखळतो?

एप्रिल-मेमधली संध्याकाळ. रत्नागिरीची मांडवी जेट्टी, जिला 'गेटवे ऑफ रत्नागिरी' असंही म्हणतात. समुद्रावर फिरायला आलेल्यांची गर्दी आहे. समजा तिथे बेंगळुरूहून आलेला एक पाहुणा आंबे विकणाऱ्या काकांसमोर उभा राहतो आणि म्हणतो, 'आय थिंक देवगड मँगोज आर बेटर.'

रत्नागिरीत उभं राहून देवगडच्या हापूसचं कौतुक! पाहुणा मराठीत बोलला असता तर काकांकडे उत्तर तयार होतं. 'छे हो, तसं काही नाही. आधी आमचा खाऊन तर बघा जरा.' पाहुणा हसला असता, एक फोड तोंडात टाकली असती आणि कदाचित पेटीही घेतली असती. पण काका इंग्रजीत म्हणतात, 'नो. यू आर राँग. फर्स्ट यू ईट अवर मँगो.'

अर्थ जवळपास तोच आहे. फार मोठी व्याकरणाची चूकही नाही. तरी पाहुण्याला वाटतं, काका चिडले. काका चिडलेले नसतात. त्यांच्या मराठी वाक्यातला गोडवा इंग्रजीत येता येता गळून पडलेला असतो.

इंग्रजी संभाषणाच्या पुस्तकांत आणि क्लासमध्ये 'मत व्यक्त करण्यासाठीची वाक्यं' अशी भलीमोठी यादी मिळते. ती पाठही होते. अडचण असते ती कोणतं वाक्य किती जोराचं आहे हे ओळखण्याची. मुलाखतीत, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, होम-स्टेवर आलेल्या पाहुण्याशी बोलताना नेमकं तिथेच घोडं अडतं.

गोडवा नेमका कुठे गळतो?

काकांचं मराठी वाक्य पुन्हा पाहा. 'छे' हा शब्द तसा जोरदार नकार आहे. पण त्याला लागून 'हो' आला आणि धार गेली. मग 'तर', मग 'जरा'. शिवाय क्रियापद 'बघ' नाही, 'बघा'. मराठीत समोरच्याचा मान या असल्या बारक्या शब्दांत आणि क्रियापदाच्या रूपांत असतो. 'ना', 'की', 'बरं का', 'असावं', 'असेल' ही सगळी त्याच कामाची हत्यारं.

इंग्रजीत यातलं जवळपास काहीच नाही. 'यू' हा शब्द शाळेतल्या मित्रालाही चालतो आणि कंपनीच्या मालकालाही. त्यामुळे सौम्यपणा दुसरीकडून आणावा लागतो. तो बहुतेक वेळा वाक्याच्या सुरुवातीला येतो ('आय ॲम नॉट सो शुअर अबाउट दॅट'), किंवा 'कुड', 'वुड', 'माइट' अशा सहायक क्रियापदांतून येतो. मराठी वाक्याचा फक्त गाभा उचलून इंग्रजीत ठेवला, की हे वरचं वेष्टण राहून जातं. आपल्याकडे बरेच जण ती कसर प्रत्येक वाक्यामागे 'सर' किंवा 'मॅडम' लावून भरून काढतात. 'यू आर राँग, सर' हे मात्र 'सर' लावूनही तितकंच टोचतं.

काकांनी काय म्हणायला हवं होतं? 'रिअली? यू शुड ट्राय अवर्स फर्स्ट!' एवढं पुरलं असतं. 'रिअली?' हे इथे 'काय म्हणता!'चं काम करतं.

'आय थिंक' सगळीकडे चालतं, पण सगळीकडे तेच कशाला?

'मला वाटतं' याला पहिला पर्याय 'आय थिंक' आणि तो कधीच चुकत नाही. पण प्रत्येक वाक्य 'आय थिंक'ने सुरू झालं की ऐकणाऱ्याला बोलणारा डळमळीत वाटू लागतो.

ज्याबद्दल खात्री कमी आहे तिथे 'आय गेस' किंवा 'आय सपोज'. यात 'असेल बुवा' असा सूर आहे, म्हणून नोकरीच्या मुलाखतीत स्वतःच्या कामाबद्दल बोलताना ते टाळलेलं बरं. 'आय गेस आय ॲम अ हार्ड वर्कर' म्हणजे 'मी मेहनती असेन बहुतेक'. विचारांती बनलेलं, मूल्यांशी जोडलेलं मत असेल तर 'आय बिलीव्ह'. 'आय फील' हे भावनेच्या जवळचं. आकडेवारीवर आधारलेला निष्कर्ष सांगताना ते वापरलं की आकडेच कच्चे वाटू लागतात. 'इन माय ओपिनियन' हे 'माझ्या मते'. लेखी इंग्रजीत, निबंधात, औपचारिक चर्चेत ठीक, पण चहा पिताना कोणी 'इन माय ओपिनियन, धिस टी इज गुड' म्हणालं तर तो चहाचा परीक्षक वाटतो. गप्पांत 'इफ यू आस्क मी' जास्त शोभतं. 'मला विचाराल तर' हा त्याचा मराठीतला सख्खा भाऊच.

आणि मग 'अकॉर्डिंग टू मी'. भारतात हे जितकं ऐकू येतं तितकं इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांत येत नाही. 'माझ्या मते'मधून ते जसंच्या तसं उतरलंय. इंग्रजीत 'अकॉर्डिंग टू'च्या पुढे बाहेरचा स्रोत येतो: हवामान खात्यानुसार, अहवालानुसार, शेजारच्या काकूंच्या म्हणण्यानुसार. स्वतःच स्वतःचा हवाला देणं त्यांना चमत्कारिक वाटतं. भारतात याने कोणाचं अडत नाही, परदेशी क्लायंटही समजून घेतो, पण 'आय थिंक' किंवा 'इन माय व्ह्यू' म्हटलं की प्रश्नच मिटतो. 'ॲज पर मी'चंही तेच.

'ॲज फार ॲज आय नो' हे मताचं वाक्यच नाही. 'माझ्या माहितीप्रमाणे' असा त्याचा अर्थ. बस किती वाजता सुटते हे सांगताना वापरायचं, कोणता आंबा गोड हे सांगताना नाही.

एक गोष्ट मात्र मराठी माणसाला आयती मिळालेली आहे. 'मला वाटतं तो येणार नाही' आणि 'मला नाही वाटत तो येईल' यांतलं दुसरं वाक्य आपण सहज बोलतो. नकार 'येणार'जवळ न ठेवता 'वाटणं'जवळ ठेवतो. इंग्रजीची सवय अगदी हीच. 'आय थिंक ही विल नॉट कम' हे चुकीचं नाही, पण 'आय डोंट थिंक ही विल कम' हे नैसर्गिक. म्हणजे इथे मराठीतून सरळ भाषांतर केलं तरी चालतं, फक्त योग्य मराठी वाक्य निवडायला हवं.

'आय मेंटेन': रत्नागिरीच्या एका माणसाचा शब्द

मत किती जोराने मांडलं आहे, हे भाषांतरात बिघडलं तर काय होऊ शकतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण मांडवीच्याच शहरातलं आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६चा, रत्नागिरीतला. टिळक आळीतलं त्यांचं जन्मस्थान आजही पाहता येतं. १९०८ साली 'केसरी'तल्या लेखांवरून त्यांच्यावर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. लेख मराठीत होते. न्यायालय, कायदा आणि बहुसंख्य युरोपीय असलेली ज्युरी यांची भाषा इंग्रजी. म्हणजे मराठीतली टीका किती तिखट आहे, तो सल्ला आहे की चिथावणी, हे ज्युरीने ठरवायचं होतं ते भाषांतर वाचून.

टिळकांनी वकील न देता स्वतःचा बचाव स्वतः केला, तोही इंग्रजीत, कित्येक तास बोलून. सरकारी भाषांतरांनी मूळ लेखांचा अर्थ विपर्यस्त केला आहे, हा त्यांच्या बचावातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. भाषांतरकाराची उलटतपासणीही त्यांनी घेतली. शेवटी ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवलं. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि टिळकांची रवानगी मंडालेला झाली. (त्याच वेळी मंडालेचा पदच्युत राजा थिबा मात्र रत्नागिरीत कैदेत होता. इतिहास असले विनोद करतो.)

काही बोलायचं आहे का, असं विचारल्यावर टिळकांनी जे थोडक्यात निवेदन केलं, ते आज मुंबई उच्च न्यायालयात त्या दालनाबाहेरच्या संगमरवरी फलकावर कोरलेलं आहे. ज्युरीचा निकाल काहीही असो, आपण निर्दोष आहोत, असं त्यांनी म्हटलं. त्यासाठी त्यांनी क्रियापद वापरलं 'मेंटेन'. 'आय मेंटेन'.

हा शब्द नीट बघण्यासारखा आहे. तिथे 'आय थिंक' असतं, तर त्याचा अर्थ झाला असता, 'मला वाटतं मी निर्दोष आहे'. म्हणजे आरोपीलाच खात्री नाही. 'आय बिलीव्ह' घातलं तर श्रद्धेचा रंग येतो. 'आय मेंटेन' म्हणजे समोर विरुद्ध मत आहे, ते मी ऐकलं आहे, आणि तरीही माझं म्हणणं मी सोडत नाही. इंग्रजीत हे क्रियापद विरोध झाल्यानंतरच शोभतं. वाद सुरू होण्याआधीच कोणी 'आय मेंटेन' म्हणालं, तर समोरचा विचारेल, 'कोण नाही म्हणालं तुम्हाला?'

'आय इन्सिस्ट' त्याच्याही पुढचं. त्यात 'मी म्हणतो तसंच झालं पाहिजे' असा हट्ट येतो. पाहुण्याला जेवणाचा आग्रह करताना 'आय इन्सिस्ट' गोड वाटतं, मीटिंगमध्ये नाही.

पटलं, पण किती पटलं?

सहमतीत चूक होण्याची जागा एकच आहे, पण ती फार वेळा सापडते. 'आय ॲम अग्री' किंवा 'आय ॲम अग्रीड'. मराठीत 'मी सहमत आहे' म्हणतो, त्या 'आहे'मुळे 'ॲम' शिरतं. इंग्रजीत 'अग्री' हे स्वतःच क्रियापद आहे, म्हणून फक्त 'आय अग्री'. माणसाशी सहमत असाल तर 'विथ यू', प्रस्ताव किंवा अट मान्य करत असाल तर 'टू द प्लॅन'. हा फरक करारनाम्यात महाग पडू शकतो. 'आय अग्री विथ युवर प्रपोजल' म्हणजे प्रस्ताव बरा वाटतो. 'आय अग्री टू युवर प्रपोजल' म्हणजे प्रस्ताव मंजूर.

नुसतं 'येस, येस' म्हणण्यापेक्षा 'एक्झॅक्टली', 'दॅट्स ट्रू', 'गुड पॉइंट' यांनी संभाषण पुढे सरकतं. 'फेअर इनफ' हे विशेष उपयोगी आहे. 'ठीक आहे, तुमचं म्हणणं रास्त आहे' असा त्याचा सूर. पूर्ण पटलेलं नसतानाही वाद तिथे थांबवता येतो. 'आय सपोज सो' यात मात्र अनिच्छा आहे, 'असेल, म्हणता तर' अशी. आणि 'इफ यू से सो'पासून सावध राहावं. शब्दशः 'तुम्ही म्हणता तर तसं', पण स्वर बहुतेकदा असा की 'मला काही पटलेलं नाही, तुमच्या तोंडी कोण लागणार'.

दोन फसवी वाक्यं. पाहुणा म्हणतो, 'इट इज सो ह्युमिड टुडे.' यजमान घाम पुसत म्हणतो, 'टेल मी अबाउट इट!' याचा अर्थ 'त्याबद्दल सांगा' असा नाही. 'अहो, मला काय सांगता!' असा आहे, म्हणजे पूर्ण सहमती. मे महिन्यात रत्नागिरीत हे वाक्य रोज वापरता येईल. दुसरं, 'यू कॅन से दॅट अगेन'. तेव्हा समोरच्याने वाक्य पुन्हा उच्चारायचं नसतं. 'अगदी, अगदी' एवढंच त्याला म्हणायचं असतं.

'येस' म्हणजे हो की नाही?

सगळ्यात मोठा गोंधळ मात्र लांबलचक वाक्यांत होत नाही, एका अक्षराच्या उत्तरात होतो.

'तुम्हाला हा बेत पटत नाही का?' असं मराठीत विचारलं आणि खरंच पटत नसेल, तर आपण म्हणतो, 'हो, नाही पटत.' हा 'हो' विचारणाऱ्याच्या अंदाजाला असतो. तुम्ही बरोबर ओळखलंत, या अर्थी. इंग्रजीत 'सो यू डोंट अग्री विथ द प्लॅन?' असं विचारल्यावर 'येस' आणि 'नो' प्रश्नाच्या सुराकडे बघत नाहीत, उत्तरातल्या क्रियापदाकडे बघतात. पटत नसेल तर 'नो, आय डोंट'. पटत असेल तर 'येस, आय डू'. मराठी वळणाने कोणी नुसतं 'येस' म्हटलं, तर विचारणारा गोंधळतो: हा हो म्हणतोय म्हणजे पटतंय की नाही पटत? फोनवर आणि व्हिडिओ कॉलवर, जिथे चेहरा नीट दिसत नाही, तिथे यावरून कामं उलटी होऊ शकतात. यावर उपाय साधा आहे. नकारार्थी प्रश्नाला कधीही एका शब्दात उत्तर देऊ नये. पुढचे दोन शब्द जोडावेत.

याचंच भावंडं 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' आपण आनंदाने सरकून जागा करतो आणि म्हणतो, 'येस, येस, प्लीज सिट!' प्रश्नाचा अर्थ 'इथे बसलो तर तुमची हरकत आहे का?' असा आहे. म्हणजे तोंडाने 'हो, हरकत आहे' आणि हाताने 'बसा ना'. पाहुणा हाताकडे बघून बसतो, हे आपलं नशीब. बरोबर उत्तर: 'नॉट ॲट ऑल'.

आणि 'मी टू'. 'आय डोंट लाइक स्पायसी फूड' याला 'मी टू' नाही, 'मी नायदर' किंवा 'नायदर डू आय'. नकारात सामील व्हायचं असेल तर शब्दही नकारी हवा.

नाही पटलं, हे सांगण्याची कला

इथेही एक उदाहरण जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातलंच आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६चा, आजच्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. मार्च १९०२मध्ये कलकत्त्यात, व्हाइसरॉयच्या विधान परिषदेत, त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण केलं. सरकारी तिजोरीत मोठी शिल्लक दिसत होती, अर्थसदस्यांचं अभिनंदन चाललं होतं. गोखल्यांनी सुरुवात केली ती 'आय फिअर' या शब्दांनी. या अभिनंदनात आपल्याला मनापासून सामील होता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग आकड्यांमागून आकडे मांडून दाखवून दिलं, की लोक दुष्काळाने गांजलेले असताना दिसणारी ही शिल्लक म्हणजे गरजेपेक्षा जास्त वसूल केलेला कर आहे.

इंग्रजीतली असहमती कशी बांधलेली असते, याचा हा जवळजवळ नकाशा आहे. दार हळूच उघडायचं, आत गेल्यावर मुद्दा मात्र पातळ करायचा नाही. गोखल्यांचं 'आय फिअर' आज जरा जुनं वाटतं. त्याच्या जागी आता 'आय ॲम अफ्रेड' आलंय. 'आय ॲम अफ्रेड आय डिसअग्री' यात कोणीही घाबरलेलं नसतं. 'माफ करा, पण मला पटत नाही' एवढाच त्याचा अर्थ. हॉटेलातला माणूस 'आय ॲम अफ्रेड वुई आर फुल' म्हणाला, तर तोही खोल्या भरल्यामुळे भ्यालेला नसतो.

रोजच्या बोलण्यात सर्वांत कामाची जोडी म्हणजे आधी थोडं मान्य करणं आणि मग वळणं. 'आय सी युवर पॉइंट, बट...' किंवा 'यू हॅव अ पॉइंट, बट...'. मराठीतलं 'तुमचं बरोबर आहे हो, पण...' तेच करतं, त्यामुळे हे शिकायला कठीण जात नाही. फक्त एक पथ्य. मान्य केलेला भाग खरा असावा. 'आय सी युवर पॉइंट' म्हणून लगेच त्याच मुद्द्याला उडवून लावलं, तर तो शिष्टाचार नाटकी वाटतो.

त्याहून मऊ हवं असेल तर 'आय ॲम नॉट सो शुअर'. शब्दशः 'मला तितकीशी खात्री नाही', पण ब्रिटिश माणूस हे म्हणतो तेव्हा त्याला बहुतेकदा चांगलीच खात्री असते, की तुम्ही चुकताय. 'हाऊ इंटरेस्टिंग' हेसुद्धा प्रत्येक वेळी कौतुक समजू नये. 'क्वाइट गुड'ही असंच दुटप्पी आहे. अमेरिकनाच्या तोंडी ते 'खूपच छान', ब्रिटिशाच्या तोंडी अनेकदा 'तसं ठीक आहे'. होम-स्टेच्या वहीत पाहुण्याने जेवणाला 'क्वाइट गुड' लिहिलं असेल, तर खूश होण्याआधी त्याचा देश बघावा.

'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' हे तर सगळ्यात फसवं. आपल्याकडे ते खरोखरच आदराचं समजून वरिष्ठांपुढे वापरलं जातं. इंग्रजी ऐकणाऱ्याचे कान मात्र त्यावर टवकारतात. 'आदर आहेच, पण आता ऐका' असं काहीतरी तिखट येणार, हे त्याला माहीत असतं. 'आय बेग टू डिफर' भारतीय वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत अजून जिवंत आहे, तोंडी बोलण्यात मात्र नाटकातल्या संवादासारखं वाटतं.

वरिष्ठांना 'नाही' म्हणायचं असेल तर प्रश्न किंवा भूतकाळ कामाला येतो. 'वुई कुड ऑल्सो ट्राय दिस, कुडंट वुई?' किंवा 'आय वॉज वंडरिंग इफ वुई कुड डू इट डिफरंटली'. विचार आत्ता चालू आहे, तरी क्रियापद भूतकाळी. विचित्र वाटतं? मग हे आठवा: वडिलांकडे किंवा साहेबांकडे एखादी नाजूक गोष्ट काढताना आपण म्हणतो, 'मी काय म्हणत होतो...' प्रत्यक्षात तोवर कोणी काहीच म्हणत नसतं. 'आय वॉज वंडरिंग' म्हणजे तेच 'मी काय म्हणत होतो', फक्त इंग्रजीतलं.

दोघांनाही मागे हटायचं नसेल तर शेवटचा मार्ग 'लेट्स अग्री टू डिसअग्री'. 'आपलं एकमत नाही, यावर तरी एकमत करू.' धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी १७७०च्या एका प्रवचनात ही शब्दयोजना वापरली होती, तेव्हा ती चांगलीच जुनी आहे. चॅटवर याला तोटा नाही. तिथे मताआधी 'आयएमओ' लिहितात, म्हणजे 'इन माय ओपिनियन', आणि 'आयएमएचओ'मध्ये नम्रतेचा एक एच वाढतो. तो एच वाढला म्हणून नम्रता वाढतेच असं नाही.

मत वेगळं, माहिती वेगळी

काही वेळा समोरचा मत मांडत नसतो, चुकीची माहिती देत असतो. पाहुणा जेट्टीवर उभा राहून म्हणतो, 'सो द मांडवी एक्सप्रेस इज नेम्ड आफ्टर दिस प्लेस!' मुंबईहून मडगावला जाणारी ही गाडी रत्नागिरीला थांबते, त्यामुळे गैरसमज साहजिक आहे. पण गाडीचं नाव गोव्यातल्या मांडवी नदीवरून आलंय. इथे 'आय डिसअग्री' म्हणणं चूक. वस्तुस्थितीशी असहमत होता येत नाही. 'ॲक्चुअली, इट्स नेम्ड आफ्टर द रिव्हर इन गोवा' हे योग्य. 'ॲक्चुअली'चं खरं काम हे, अपेक्षेविरुद्धची माहिती देणं. वाक्य सुरू करताना श्वास घेण्यासाठी ते वापरलं की समोरच्याला आपण सारखे त्याची चूक काढतोय असं वाटतं.

'डाउट'चंही असंच. वर्गात, ऑफिसात आपण 'आय हॅव अ डाउट' म्हणतो तेव्हा आपल्याला शंका विचारायची असते. परदेशी माणसाला ऐकू येतं ते 'तुमच्या म्हणण्यावर माझा विश्वास नाही'. प्रश्नच विचारायचा असेल तर 'आय हॅव अ क्वेश्चन' पुरे.

मत विचारताना 'तुम्हाला कसं वाटतं?'मधला 'कसं' तसाच नेऊन 'हाऊ डू यू थिंक?' म्हणू नये. त्याचा अर्थ 'तुम्ही विचार कोणत्या पद्धतीने करता?' असा होतो. 'व्हॉट डू यू थिंक?' असं विचारावं. एखादी जागा किंवा जेवण कसं वाटलं हे विचारायला 'हाऊ डिड यू फाइंड इट?' असंही म्हणतात. पण 'हाऊ डिड यू फाइंड मांडवी?' असं पाहुण्याने विचारलं, की 'गूगल मॅपवर' हे उत्तर तोंडावर येतंच.

आता पुन्हा त्या आंब्यांकडे. हा वाद तसा सरकारदरबारीही सुटलेला नाही. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना मिळून. देवगड सिंधुदुर्गात येतं, म्हणजे दोघेही एकाच कागदावर. तेव्हा काकांना इथे माहिती दुरुस्त करायची नाही, फक्त आपलं मत मांडायचं आहे. 'देवगड मँगोज आर गुड, आय अग्री. बट इफ यू आस्क मी, यू हॅवंट ट्राइड द बेस्ट वन येट.' यावर पाहुणा 'फेअर इनफ' म्हणाला, तर पेटी बांधायला घ्यावी. 'इफ यू से सो' म्हणाला, तर आधी एक फोड कापून समोर धरावी.